औषधांचा मक्ता आणि राज्याची सनद

मक्ता हा शब्द मराठी माणसास नवा नाहीं. जकातीचा मक्ता, उतारनावेचा मक्ता, दारूचा मक्ता असे अनेक मक्ते आपल्या पूर्वजांनीं पाहिले. त्यांपायीं कोणी श्रीमंत झाले, कोणी नाडले गेले. मक्त्याचें स्वरूप मात्र सर्वत्र एकच असतें. जो व्यापार एरवीं कोणासही करतां आला असता, तो अमुक मुदतीपर्यंत अमुक एकानेंच करावा, इतरांनीं करूं नये, असें राजसत्ता लिहून देते. मक्तेदाराचा अधिकार त्याच्या मनगटांत नसतो, कागदावरील शिक्क्यांत असतो. आज ज्यास आपण पेटंट म्हणतों, तेंही असेंच शिक्क्याचें लेख आहे. त्याची मूळ कल्पना वाईट नाहीं. नवी युक्ति काढणाऱ्यानें ती लपवून न ठेवतां जगापुढें मांडावी आणि त्याच्या मोबदल्यांत कांहीं वर्षें तिचा लाभ एकट्यानें घ्यावा, असा हा सौदा आहे. इंग्लंडांत १६२४ सालच्या कायद्यानें राजाचे मनमानी मक्ते बंद केले, तेव्हां नव्या शोधांपुरती तेवढी सवलत ठेविली व तिची मुदत १४ वर्षें ठरविली. सनद द्यावयाची ती समाजाच्या हितासाठीं व अटींवर, हें तत्त्व अशा रीतीनें आरंभापासूनच मान्य होतें.

परंतु सर्व वस्तु सारख्या नसतात. एखादें यंत्र महाग झालें तर माणूस जुन्यावर भागवितो. औषध महाग झालें तर भागविण्यास मागें माणूसच उरत नाहीं. म्हणून औषधांचा मक्ता द्यावा काय, द्यावा तर किती वर्षें, आणि सांथीच्या प्रसंगीं तो आटोपता घेण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हे प्रश्न निव्वळ व्यापाराचे राहात नाहींत, राज्यधर्माचे होतात. हा अधिकार राष्ट्रांनीं कसा वापरला, भारतानें तो कसा मिळविला, अर्धामुर्धा कसा गमावला आणि उरलेला कितपत उपयोगांत आणला, याचा इतिहास थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

लसीच्या इतिहासाचा आरंभ मक्त्यानें झालेला नाहीं. एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्यानें १७९६ सालीं गाईच्या देवींपासून माणसाच्या देवींस प्रतिबंध करण्याची रीत प्रयोगानें दाखविली व १७९८ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यानें तिचें पेटंट घेतलें नाहीं. पण म्हणून तो उपेक्षितही राहिला नाहीं. ब्रिटिश पार्लमेंटानें त्यास १८०२ सालीं १०,००० व १८०७ सालीं २०,००० पौंड देऊन त्याचा गौरव केला. शोधकास मोबदला द्यावयाचा, पण शोध सर्वांस मोकळा ठेवावयाचा, हा मार्ग त्या काळींही ठाऊक होता. ही लस व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा असा हातोहात प्रवास करीत थोडक्याच वर्षांत मुंबईस पोहोंचली, आणि १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोंचण्यांत आली. हिंदुस्थानांत देवीची लस लागू पडल्याची ही पहिली नोंद होय. तिच्या दंडावरील फोडांतून काढलेली लस मुंबईंतील इतर मुलांस दिली गेली व तेथून ती देशांत पसरली. वाटेंत कोणी परवाना मागितला नाहीं.

पुढें १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यानें ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा प्रयोगशाळेंत त्यावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. १८९९ पासून परळ येथील जुन्या गव्हर्नरनिवासांत हें काम मोठ्या प्रमाणावर चालूं लागलें व १९२५ सालीं त्या संस्थेस हाफकिनचें नांव मिळालें. लस तयार करणारें सरकार, वांटणारेंही सरकार, अशी ती व्यवस्था होती. अमेरिकेंत १९५५ सालीं पोलिओची लस निघाली, तेव्हां तिचें पेटंट कोणाचें, या प्रश्नास जोनास साल्क यानें ती लोकांची आहे, सूर्याचें पेटंट कोणी घेतें काय, अशा अर्थाचें उत्तर दिलें. त्यामागें केवळ औदार्य होतें असें समजण्याचें कारण नाहीं. पेटंट मिळण्यासारखें नाहीं असा वकिलांचा सल्ला त्याच्या पाठीशीं असलेल्या संस्थेस आधींच मिळाला होता. तथापि ती लस सामान्य लोकांच्या वर्गणींतून उभी राहिली होती, ही गोष्ट खरी. आणि ज्यांच्या पैशानें शोध लागला त्यांचा त्यावर कांहीं हक्क आहे, हा विचार आजही टाकाऊ झालेला नाहीं.

आतां युरोपांतील राष्ट्रांचें वर्तन पाहूं. आज जीं राष्ट्रें औषधांच्या पेटंटांचा कडवा कैवार घेतात, त्यांपैकीं अनेकांनीं आपले कारखाने बाल्यावस्थेंत असतांना हेंच पेटंट नाकारलें होतें. फ्रान्सनें १८४४ च्या कायद्यानें औषधें पेटंटांतून वगळलीं. जर्मनीच्या १८७७ च्या कायद्यानें औषधी पदार्थावर मक्ता न देतां तो बनविण्याच्या कृतीवरच दिला, व ही स्थिति १९६८ पर्यंत टिकली. ब्रिटननें १९१९ सालीं, जर्मन रसायनांपुढें आपला धंदा टिकावा म्हणून, असाच नियम केला आणि तो १९४९ पर्यंत चालविला. स्वित्झर्लंडनें औषधी पदार्थांस पेटंट दिलें तें १९७७ सालीं. इटलींत तें १९७८ सालीं मिळूं लागलें. पदार्थ आणि कृति यांतील हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. एखाद्या सुगरणीनें श्रीखंड करण्याची नवी रीत काढली व त्या रीतीवर तिला हक्क मिळाला, तर इतरांस दुसऱ्या रीतीनें श्रीखंड करतां येतें. पण हक्क श्रीखंडावरच मिळाला, तर रीत कोणतीही असो, सणाच्या दिवशीं सगळ्या गांवानें तिच्याच दारीं उभें राहिलें पाहिजे. युरोपानें दीर्घकाळ पहिला मार्ग पत्करला, कारखाने वाढविले, आणि धंदा भक्कम झाल्यावर दुसऱ्या मार्गाची थोरवी जगास सांगण्यास आरंभ केला.

हिंदुस्थानास १९११ सालीं जो पेटंटचा कायदा मिळाला, तो इंग्रजी राज्यकर्त्यांनीं केलेला होता व त्यांत औषधी पदार्थांवरही मक्ता मिळे. स्वातंत्र्यानंतर त्याचीं फळें स्पष्ट दिसूं लागलीं. बहुतेक पेटंटें परकीय कंपन्यांच्या हातीं होतीं. त्यांपैकीं बहुसंख्य पेटंटांचा येथें माल बनविण्यासाठीं उपयोग होत नसे, दुसऱ्यानें बनवूं नये एवढ्यापुरताच होई. अमेरिकन सेनेटर केफॉव्हर यांच्या समितीनेंही, भारतांतील कांहीं औषधांच्या किंमती जगांतील सर्वांत चढ्या किंमतींत मोडतात, असें नमूद केलें. दरिद्री देश आणि सर्वांत महाग औषध, असा हा विपरीत योग होता. बक्षी टेकचंद यांची समिति व तिच्यामागून न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांचें १९५९ चें प्रतिवृत्त यांनीं ही व्यवस्था बदलण्याची दिशा दाखविली. तरीही कायदा होण्यास ११ वर्षें लागलीं. १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ पासून अंमलांत आला. त्यानें अन्न व औषधें यांच्या बाबतींत पदार्थावरचा मक्ता काढून टाकला, कृतीवरचा तेवढा ठेविला, आणि त्याचीही मुदत अर्जापासून ७ वर्षें किंवा मंजुरीपासून ५ वर्षें, यांपैकीं जी आधीं संपेल ती ठरविली.

केवळ कायद्यानें औषध तयार होत नाहीं, हेंही येथेंच सांगितलें पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्यानें पुण्याजवळ पिंपरी येथें १९५४ सालीं पेनिसिलीनचा सरकारी कारखाना निघाला होता. रसायनशास्त्रज्ञ तयार होत होते. मुंबईंत सिप्लासारख्या देशी कंपन्या १९३५ पासून उभ्या होत्या. या तयार हातांस कायद्यानें मोकळीक दिली, म्हणून पुढील तीस वर्षांत भारत हा गरीब जगाचा औषधकारखाना बनूं शकला. मोकळीक आणि सिद्धता या दोहोंपैकीं एक नसती तर दुसरी व्यर्थ गेली असती.

ही मोकळीक परकीय कंपन्यांस सलत होती. १९८६ सालीं उरुग्वे येथें व्यापाराच्या वाटाघाटींचा नवा अध्याय सुरू झाला, तेव्हां बौद्धिक संपत्ति हा विषय जकातींच्या विषयांबरोबर आणून बसविण्यांत आला. भारतानें प्रथम त्यास विरोध केला. परंतु १९८८ च्या कायद्यानें अमेरिकेनें, जीं राष्ट्रें पेटंट पुरेसें मानीत नाहींत त्यांची यादी करून त्यांच्या मालावर जबर जकात बसविण्याची तजवीज करून ठेविली होती. आणि ज्यास आपलें कापड परक्या बाजारांत विकावयाचें आहे, त्यास औषधाच्या प्रश्नावर किती ताठ राहतां येईल, हें सांगावयास नको. १९९४ सालीं माराकेश येथें करारावर सह्या झाल्या व १ जानेवारी १९९५ पासून जागतिक व्यापार संघटना अस्तित्वांत आली. तिच्या 'ट्रिप्स' करारान्वयें औषधांसह सर्व क्षेत्रांतील शोधांस अर्जापासून २० वर्षांचें पेटंट देणें सभासदांस बंधनकारक झालें. युरोपांतील राष्ट्रांनीं आपापल्या सोयीनें जो टप्पा गांठण्यास शंभर वर्षें घेतलीं, तो गांठण्यास भारतास २००५ पर्यंतची मुदत मिळाली.

या नव्या व्यवस्थेची पहिली कठोर परीक्षा एड्सच्या सांथीनें घेतली. १९९६ पासून त्या रोगावर गुणकारी औषधांचा मेळ सांपडला होता. पण त्याची किंमत दर रोग्यामागें दरसाल १०,००० ते १५,००० डॉलर पडे, आणि रोगी होते आफ्रिकेंत. दक्षिण आफ्रिकेनें १९९७ सालीं स्वस्त औषधें मिळविण्याचा कायदा केला, तेव्हां ३९ औषधकंपन्यांनीं त्या सरकारावर दावा लाविला. प्रतिवादींत राष्ट्राध्यक्ष नेल्सन मंडेला यांचें नांव होतें. इकडे फेब्रुवारी २००१ मध्यें सिप्लाचे डॉ. युसुफ हमीद यांनीं तींच औषधें दरसाल ३५० डॉलरांस देऊं केलीं. १९७० च्या कायद्याची मोकळीक अद्याप शिल्लक होती, म्हणूनच तीं त्यांस बनवितां आलीं. किंमतीचा हा फरक जगापुढें आल्यावर लोकमत खवळलें व एप्रिल २००१ मध्यें कंपन्यांनीं दावा मागें घेतला. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंत पत्रांतून अँथ्रॅक्सचे जंतु पाठविले गेले, तेव्हां त्या देशाच्या सरकारनेंच बायर कंपनीचें पेटंट बाजूस सारण्याची धमकी देऊन औषधाची किंमत उतरवून घेतली. आपल्या दारीं संकट आलें म्हणजे मक्ता हा मक्ताच असतो, हें सर्वांस कळतें.

१४ नोव्हेंबर २००१ रोजीं दोहा येथें जाहीरनामा निघाला. लोकांचें आरोग्य रक्षण्यास ट्रिप्सचा करार आड येत नाहीं व येऊं नये, आणि सक्तीचा परवाना कोणत्या कारणास्तव द्यावा हें ठरविण्यास प्रत्येक राष्ट्र मुखत्यार आहे, असें त्यांत स्पष्ट केलें. सक्तीचा परवाना म्हणजे मक्तेदारास वाजवी मोबदला देऊन दुसऱ्यासही तोच माल बनविण्यास सरकारनें दिलेली मुभा. परंतु ज्याच्याजवळ कारखानाच नाहीं त्यानें या मुभेचें काय करावें? त्यासाठीं २००३ सालीं निराळी वाट काढण्यांत आली. रवांडानें त्या वाटेनें कॅनडाहून एड्सचीं औषधें मागविण्याचें २००७ सालीं कळविलें. पहिली खेप निघाली २००८ सालीं. अटी इतक्या किचकट होत्या कीं, त्या वाटेनें औषध प्रत्यक्ष पोहोंचल्याचें तेवढें एकच उदाहरण घडलें.

भारतानें २००५ सालीं कायदा बदलला, पण सगळाच हात सोडला नाहीं. जुन्याच औषधास थोडें निराळें रूप देऊन मक्ता लांबविण्यास त्यानें प्रतिबंध केला. त्याच कलमावर नोव्हार्टिस कंपनीचा कर्करोगावरील औषधाचा दावा सर्वोच्च न्यायालयानें १ एप्रिल २०१३ रोजीं फेंटाळला. त्याच्या आदल्या वर्षीं, ९ मार्च २०१२ रोजीं, मुंबईच्या पेटंट कचेरींतून भारतांतील पहिला सक्तीचा परवाना निघाला. यकृताच्या व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील ज्या औषधास महिन्याकांठीं सुमारें २,८०,००० रुपये पडत, तें नॅट्को कंपनीनें ८,८८० रुपयांस द्यावें व मूळ मालकास विक्रीवर शेंकडा ६ मोबदला द्यावा, असा तो हुकूम होता. पुढें मोबदला शेंकडा ७ झाला. या हुकमानें कोणतेंही आभाळ कोसळलें नाहीं. तरीही पुढील दहा वर्षांत दुसरा असा परवाना निघाला नाहीं. हत्यार होतें, पण तें म्यानांतच राहिलें.

अशा स्थितींत करोनाची महामारी आली. २ ऑक्टोबर २०२० रोजीं भारत व दक्षिण आफ्रिका यांनीं जागतिक व्यापार संघटनेपुढें सूचना मांडली कीं, महामारी सरेपर्यंत लसी, औषधें व तपासणीचीं साधनें यांवरील पेटंटें व तत्सम हक्क स्थगित ठेवावे. श्रीमंत राष्ट्रांनीं विरोध केला. ५ मे २०२१ रोजीं अमेरिकेनें लसींपुरता पाठिंबा जाहीर केला. युरोप अडून राहिला. निर्णय झाला तो १७ जून २०२२ रोजीं, म्हणजे वीस महिन्यांनीं. आणि तोही केवळ लसींच्या पेटंटांविषयीं, पांच वर्षांपुरता. औषधें व तपासणीचीं साधनें यांचा विचार सहा महिन्यांत व्हावयाचा होता, तो एकमताअभावीं झालाच नाहीं. इकडे पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनें मागणी नाहीं म्हणून डिसेंबर २०२१ मध्येंच आपल्या कोविशील्ड लसीचें उत्पादन थांबविलें होतें. तहान लागली तेव्हां विहिरीस कुलूप, आणि किल्ली मिळाली तेव्हां पाऊस सुरू, असा हा प्रकार झाला.

प्रतिपक्षाचें म्हणणें येथें न्यायानें ऐकलें पाहिजे. पेटंट उठविल्यानें लस तयार होत नाहीं, तिला कसब लागतें, असें ते म्हणत; आणि त्यांत तथ्य आहे. मॉडर्ना कंपनीनें ऑक्टोबर २०२० मध्येंच आपण महामारीच्या काळांत पेटंट बजावणार नाहीं असें जाहीर केलें होतें, पण तेवढ्यानें दुसऱ्या कोणास लगेच ती लस करतां आली नाहीं. कागदावरील कृति आणि हातांतील कसब यांत, पाककृतीचें पुस्तक व आजीचा हात यांत असतें तेवढें अंतर आहे. परंतु याचा निष्कर्ष पेटंट निरुपद्रवी आहे असा निघत नाहीं. कसबही वांटलें गेलें पाहिजे असा निघतो. तें वांटतां येतें याचें उदाहरण पुण्यांतच आहे. आफ्रिकेंत सहाराच्या दक्षिणेकडील पट्ट्यांत मेनिंजायटिसच्या सांथी वारंवार येत. त्यांवरील लसीसाठीं अमेरिकेच्या सरकारी औषधखात्यांतील शास्त्रज्ञांनीं आपली कृति दिली, ती पुण्याच्या लोकांस प्रत्यक्ष शिकविली, आणि सिरमनें अर्ध्या डॉलरहून कमी किंमतींत डोस देण्याचें कबूल केलें. डिसेंबर २०१० मध्यें बुर्किना फासो येथून ती लस द्यावयास आरंभ झाला. तेथें विद्या, कारखाना व किंमत या तिन्ही गोष्टी आधींच ठरल्या होत्या. सांथ येण्याची वाट पाहण्यांत आली नव्हती.

दुसरा आक्षेप असा कीं, मक्ता नसेल तर संशोधनासाठीं पैसा कोण घालील? हाही पोकळ नाहीं. औषध सिद्ध करण्यास वर्षें व अमाप द्रव्य लागतें, आणि प्रयत्नांपैकीं बहुतेक फसतात. पण करोनाच्या लसींमागें अमेरिकन सरकारनें अब्जावधि डॉलर ओतले होते. मॉडर्नाच्या लसींत तर त्या सरकारचे शास्त्रज्ञच सहभागी होते. जोखीम जनतेच्या तिजोरीनें सोसावयाची आणि सनद मात्र बिनशर्त द्यावयाची, हा सौदा नव्हे. जेथें जनतेचा पैसा असेल तेथें किंमतीची व कसब शिकविण्याची अट सनदेंतच लिहिली जावी, एवढें तरी मागणें रास्त आहे.

आणि दुसऱ्यांकडे बोट दाखवितांना आपलें घरही पाहिलें पाहिजे. जिनेव्हांत मोकळीक मागणाऱ्या भारतानें मार्च २०२१ पासून लसींची निर्यात थांबविली. गरीब राष्ट्रांची 'कोव्हॅक्स' योजना ज्या पुण्याच्या लसींवर मुख्यतः विसंबून होती, ती त्यामुळें अडचणींत आली, व त्या योजनेस पुरवठा पुन्हां सुरू झाला तो नोव्हेंबरांत. घरीं प्रेतें जळत असतां सरकारनें दुसरें काय करावयाचें होतें, असें कोणी विचारील. त्या प्रश्नाचें सोपें उत्तर नाहीं. पण कोव्हॅक्सिन ही लस सरकारी संशोधनसंस्थेच्या भागीदारींत तयार झालेली होती, आणि ती बनविण्याची मुभा मुंबईच्या हाफकिन महामंडळास एप्रिल २०२१ मध्यें, दुसरी लाट शहरावर आदळल्यानंतर, मिळाली. येथें कोणत्याही परकीय मक्तेदारानें हात धरला नव्हता. परळांतील ज्या वास्तूंतून प्लेगची लस देशभर गेली, तिला या वेळीं आपल्याच सरकारचें बोलावणें उशिरा आलें.

या सर्व इतिहासांतून आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. औषधाचा मक्ता हा निसर्गसिद्ध हक्क नसून राज्यानें लोकांच्या वतीनें दिलेली मुदतबंद सनद आहे. तिच्या अटी घालण्याचा अधिकार राज्यानें विकूं नये, आणि तो वापरण्याची सिद्धता संकटापूर्वींच करून ठेवावी. असे अधिकार आतां मोठ्या गाजावाजानें जात नाहींत, व्यापारी तहांतील एखाद्या वाक्यांतून जातात. २४ जुलै २०२५ रोजीं भारत व ब्रिटन यांच्यांत जो व्यापारकरार झाला, त्यांत औषधें मिळविण्यास ऐच्छिक परवाने हाच अधिक इष्ट मार्ग होय, अशा आशयाचें कलम आहे. त्यानें सक्तीच्या परवान्याचा अधिकार नाहींसा होत नाहीं, हें खरें. पण जें हत्यार आधींच म्यानांत गंजत आहे, त्यावर आणखी एक गांठ बसते. कापड, मोटारी व मद्य यांच्या जकातींची चर्चा वर्तमानपत्रांतून रकानेच्या रकाने चालते. या एका वाक्याकडे फार थोड्यांचें लक्ष जातें. सुशिक्षित कुटुंबांनीं तहाच्या बातम्या वाचतांना काय स्वस्त झालें एवढेंच न पाहतां, त्याच्या बदल्यांत काय लिहून दिलें, हेंही पाहण्याची संवय लावून घ्यावी. पुढची सांथ केव्हां येईल हें कोणास सांगतां येणार नाहीं. त्या वेळीं आपल्या हातीं काय असेल, हें मात्र आजच ठरत आहे.